एकशेसात पिकोसेकंद

सरांनी फाईल टेबलावरून माझ्यापुढे सरकवली. "शेवटच्या पानावर सही कर. 'चाचणी करणार' असं लिहिलंय ना, त्याच्यासमोर."

मी शेवटचं पान काढलं. वरच्या चौकटीत स्फटिकाचा नंबर, व्होल्टेज, तारीख, सगळं माझ्याच नोंदींमधून उतरवलेलं होतं. खालच्या चौकटीत टाइप केलं होतं : १०७ पिकोसेकंद.

"सर, हा आकडा माझा नाही."

"माहीत आहे."

"माझा एकशे एक्कावन्न आलाय."

"तेही माहीत आहे. तीन आठवडे तेच तुणतुणं ऐकतोय." सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "आपल्या डिटेक्टरचा आकडा एकशेसात आहे, उज्ज्वला. अकरा वर्षं तोच आहे. तुझ्या हातात त्याचा एकशे एक्कावन्न होत असेल, तर दोष डिटेक्टरचा नाही."

मी फाईल मिटली आणि परत त्यांच्याकडे सरकवली. आमच्या विभागात नेर्लेकर सरांनी पुढे केलेली फाईल आजवर कुणी परत सरकवली नव्हती.

हे २००६ सालच्या मार्चमधलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, इचलकरंजीच्या मगदुमांची पोरगी. वडील माग दुरुस्त करायचे. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण ते अजून आहे आणि तिथली पोरं चांगली आहेत. तिथल्या अणुकेंद्रीय भौतिकीच्या प्रयोगशाळेत मी साडेतीन वर्षं पीएच. डी.चं काम करत होते. मुलाखतीला मी गेले तेव्हा निवड समितीतले दोघे माझ्या इंग्रजीवर तोंड दाबून हसले होते. नेर्लेकर सर हसले नव्हते. त्यांनी माझ्या हातात स्क्रू-गेज दिलं आणि एक तार मोजायला लावली. मी मोजली, मग गेजची शून्य-चूक काढून आकडा दुरुस्त करून सांगितला. "हिला घ्या," सर म्हणाले, "बाकीचं मी शिकवतो." आणि खरंच शिकवलं. त्या माणसाचं माझ्यावर ऋण नाही असं मी कधी म्हणणार नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. बेरियम फ्लोराइडचा स्फटिक असतो, चहाच्या पेल्याएवढा, काचेसारखा स्वच्छ. गॅमा किरण त्यात शिरला की तो क्षणभर चमकतो. मागे लावलेली नळी ती चमक पकडते आणि घड्याळाला सांगते, आला. किती अचूक वेळी सांगते, त्यावर डिटेक्टरची किंमत. ती अचूकता पिकोसेकंदांत मोजतात. एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे पिकोसेकंद. आकडा जितका लहान, तितका डिटेक्टर भारी.

चाचणी करायची तर समोरासमोर दोन सारखे डिटेक्टर ठेवायचे आणि मधे कोबाल्टची चकती. कोबाल्ट एकाच दमात दोन किरण सोडतो. एक इकडे जातो, एक तिकडे. दोन्ही घड्याळांनी एकच वेळ सांगायला हवी, पण थोडं मागेपुढे होतंच. ते मागेपुढे होणं पडद्यावर उंचवट्यासारखं दिसतं आणि त्या उंचवट्याची रुंदी ही दोघांची मिळून चूक. एकट्याची किती, हे काढायला रुंदीला दोनाच्या वर्गमूळाने, म्हणजे एक पूर्णांक एक्केचाळीसने, भागायचं. एकदाच भागायचं. माझी रुंदी दोनशे चौदा येत होती. भागल्यावर एकशे एक्कावन्न.

सरांचा एकशेसात. त्यांचा तो आकडा परदेशी नियतकालिकात छापून आला होता. विभागात पाहुणा आला की त्याला आधी चहा मिळायचा आणि मग एकशेसातची हकिगत. आठ महिन्यांनी सर निवृत्त होणार होते आणि त्याआधी नवे सोळा स्फटिक विभागात आणून बसवायचे, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्याच्या मंजुरीसाठी सोमवारी समिती येणार होती. समितीला चाचणीचा अहवाल हवा होता आणि अहवालावर चाचणी करणाऱ्याची सही लागत होती.

माझ्याही बाजूने सांगते. माझी फेलोशिप एकतीस मार्चला संपत होती. वर्षभराची मुदतवाढ मिळाली तरच प्रबंध पुरा होणार होता. मुदतवाढीच्या अर्जावर मार्गदर्शकाची सही लागते आणि तो अर्ज सरांच्या ड्रॉवरमध्ये पंधरा दिवस पडून होता.

"आज गुरुवार," सर म्हणाले. "सोमवारी सकाळी दहाला मंडळी येतील. तोवर एकशेसात काढून दाखव, नाहीतर सही कर. तिसरा मार्ग मला तरी दिसत नाही."

"मी शोधते सर, कुठं चुकतंय ते."

"शोध," सर म्हणाले. "आणि हातमोजे घालत जा."

ते शेवटचं मला झोंबलं. त्या स्फटिकाला हाताचा घाम लागला की त्याची चमक कमी होते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. साडेतीन वर्षांत मी हातमोज्यांशिवाय त्याला कधी शिवले नव्हते. एकदम गरम-गार झालं तर तो तडकतो, म्हणून खोलीतला एसी दिवाळीतही चालू असायचा आणि मी मार्चमध्ये स्वेटर घालून बसायचे. बाहेर लोक उसाचा रस पीत असायचे.

शुक्रवारी सकाळी दस्तगीरमामा आणि मी सगळं परत पहिल्यापासून मांडायला घेतलं. दस्तगीर मुलाणी हे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, तिथे सव्वीस वर्षं काढलेले. स्फटिक गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नळाच्या आट्यांना लावतात ना, ती पांढरी टेप, तीच या स्फटिकाला गुंडाळायची असते. एकही सुरकुती न पडू देता सात वेढे.

"पोरी, ह्यो पाचव्यांदा गुंडाळतोय ह्या म्हयन्यात," मामा म्हणाले. "आता ह्याला आणि मला दोघांस्नी कटाळा आलाय."

"अजून एकदाच, मामा. मग नाही सांगणार."

"मागल्या टायमाला बी हेच म्हनलीस."

त्यांनी गुंडाळला. मी नळीला तेलाचा थेंब लावून बसवला. व्होल्टेज हळूहळू चढवलं, केबल मोजून लावल्या आणि दोन तास गणती होऊ दिली. रुंदी दोनशे चौदा. मी डोकं टेबलावर टेकवलं.

"जुन्या कंप्युटरवर घालून बघू या की," मामा म्हणाले. "सरांचं सगळं त्येच्यावरच व्हायचं."

जुना संगणक कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली होता. सरांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्यावर होता. मी आले त्याच वर्षी नवी यंत्रणा आली, म्हणून त्याला कधी हात लावायची वेळ आली नव्हती. हिशेब मी माझा स्वतःचा करायचे. मामांनी कव्हर काढलं, फुंकर मारली, बटण दाबलं. तो बराच वेळ घरघर करत राहिला आणि सुरू झाला. मी माझे आकडे त्याला दिले. त्याने उत्तर छापलं : १५१.

"मामा!" मी ओरडलेच. "बघा! सरांचाच प्रोग्रॅम एकशे एक्कावन्न म्हणतोय!"

मामा मात्र शांतपणे रजिस्टर उघडून बसले होते. त्यांनी १५१ लिहिलं आणि खिशातून कॅल्क्युलेटर काढला.

"आता काय करताय?"

"भागतोय. एक पॉइंट एक्केचाळीसनं."

"का?"

"का म्हंजे? पयल्यापास्नं असंच करतोय. पयल्या पानावर लिवलंय की." त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्यापुढे धरला. "ह्ये बघ. आलं का न्हाई एकशेसात?"

मी रजिस्टरचं पहिलं पान काढलं. सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'यंत्रावर येणाऱ्या आकड्याला १.४१ ने भागून मगच नोंद करावी.' मग मी संगणकावर प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ वाचत गेले. शेवटून चौथ्या ओळीत तो भागाकार प्रोग्रॅमच करत होता. सुरुवातीला करत नसणार. सरांनी नंतर कधीतरी सुधारणा केली, ती ओळ घातली, आणि पहिल्या पानावरची सूचना तशीच राहिली. तेव्हापासून तो संगणक वापरात होता तोवर प्रोग्रॅम एकदा भागत होता आणि मामा दुसऱ्यांदा. इमानेइतबारे, दर चाचणीला.

मला हसूच फुटलं. इतकी साधी चूक! कुणाचा स्फटिक खराब नाही, कुणाचे हात घाणेरडे नाहीत. सरांना कधी एकदा सांगते असं झालं. वाटलं, तेही कपाळावर हात मारून घेतील आणि हसतील.

मी जिना चढून त्यांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. सर ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी उठून दार लावलं.

"कोणाकोणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. मामांच्या समोरच सापडलं, पण त्यांच्या लक्षात आलं नसेल."

"बरं." ते परत खुर्चीत बसले. "सोमवार होऊन जाऊ दे. नंतर शांतपणे बघू."

"सोमवारी समितीला काय सांगायचं?"

"आहे तेच. एकशेसात."

"पण सर, ते चूक आहे. दोनदा भागलंय."

"उज्ज्वला, निवृत्तीला आठ महिने राहिलेत. सोळा स्फटिक येताहेत. तुझ्यामागून येणाऱ्या पोरांना दहा वर्षं काम मिळेल. भागाकाराच्या एका ओळीसाठी हे सगळं पाण्यात घालायचं?"

"पाण्यात कशाला? खरा आकडा सांगू या."

सरांनी ड्रॉवर थोडा उघडला आणि मिटला. "तुझा अर्ज आहे माझ्याकडे. सोमवारनंतर तोही बघतो."

धमकी देतानाही त्यांचा आवाज चढला नाही. मला एकदम रडू आलं आणि त्या रडण्याचाच राग आला.

"असू दे अर्ज," मी म्हणाले. "मी एकशेसातवर सही करणार नाही."

शनिवार-रविवार मी होस्टेलवर काढला. केस धुतले, कपडे धुतले, घरी फोन करून सगळं झकास चाललंय म्हणून सांगितलं. मनात एकच चाललं होतं. सही माझी लागते आणि मी करणार नाही, म्हणजे अहवाल पुरा होणार नाही, म्हणजे सरांना खरं सांगावंच लागेल. सरांना मी इतकी वर्षं बघत होते, तरी हिशेब कच्चाच केला होता.

सोमवारी साडेनऊला प्रयोगशाळेत आले तर अहवाल टेबलावर तयार होता. तीन प्रती, सुंदर बांधलेल्या. शेवटच्या पानावर, १०७ च्या खाली, 'चाचणी करणार' पुढे सही होती : द. म. मुलाणी.

"मामा, हे काय?"

मामा स्टुलावर चढून एसीची जाळी पुसत होते. "सर म्हनले कर, केली."

"वाचलंत का?"

"सव्वीस वर्षं करतोय सह्या. मला काय कळतंय त्यातलं?"

"हा आकडा खोटा आहे, मामा. उद्या कुणी पकडलं तर सर म्हणतील, चाचणी मुलाणींनी केली. तुमच्या पेन्शनला चार वर्षं राहिलीत."

मामा स्टुलावरून उतरले. हातातलं फडकं त्यांनी दोनदा झटकलं. "सर तसं म्हनायचे न्हाईत," ते म्हणाले. पण तिसऱ्यांदा फडकं झटकलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

तिथे माझं डोकं फिरलं. माझ्याशी काय करायचं ते करा, मी शिकलेली आहे, भांडेन, दुसरीकडे जाईन. पण ज्या माणसाने सव्वीस वर्षं सांगितलेला प्रत्येक भागाकार केला, त्याच्या नावावर हे टाकायचं? आजही ते आठवलं की माझे कान तापतात.

बरोबर दहाला समिती आली. तिघं होते, प्रमुख डॉ. कालिंदी वर्तक. बुटक्या, सुती साडी, खांद्याला शबनम, पायांत पुरुषी सँडल. एका मोठ्या प्रवेगकावर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, त्यांनी वीस वर्षं काढली होती. सरांनी स्वागत केलं, प्रयोगशाळा दाखवली आणि एकशेसातच्या हकिगतीला सुरुवात केली. वर्तक मॅडम अहवालाची पानं उलटत ऐकत होत्या.

"मुलाणी कोण?" त्यांनी विचारलं.

मामा पुढे झाले.

"चाचणी त्यांनी केलेली नाही, मॅडम," मी म्हणाले. "मी केली आहे. आणि माझा आकडा तो नाही."

सर हसले. त्यांचं ते हसू मला चांगलं माहीत होतं, विद्यार्थी तोंडी परीक्षेत अडखळला की ते तसं हसायचे.

"आमची विद्यार्थिनी. हुशार आहे, पण हात अजून बसलेला नाही. मधे तिने स्फटिक हातमोज्यांशिवाय हाताळला, तेव्हापासून तिचे आकडे घसरलेत. म्हणून मुलाणींकडून करून घेतलं."

"मी हातमोज्यांशिवाय कधीच हात लावलेला नाही," मी म्हणाले. "सर, तुम्हाला ते माहीत आहे."

"उज्ज्वला, बाहेर जा."

"नाही जाणार."

वर्तक मॅडमनी अहवाल मिटला. आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भांडता कशाला? डिटेक्टर समोर आहेत. मोजू या. कोबाल्ट कुठंय?"

मामांनी शिशाच्या डब्यातून चकती काढली. मॅडमनी स्वतः हातमोजे चढवले, दोन्ही स्फटिकांवर बॅटरी मारून बघितली, टेपच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं. "कुणी गुंडाळलंय?"

"मी," मामा म्हणाले.

"सुरेख."

पाऊण तास गणती चालली. पडद्यावर उंचवटा हळूहळू चढत होता. चहा आला आणि गार झाला. समितीतले दोघे खिडकीशी उभे राहून क्रिकेटबद्दल बोलत होते. सर खुर्चीत ताठ बसले होते. मी उभीच होते.

मॅडमनी उंचवट्याच्या निम्म्या उंचीवर दोन्ही बाजूंना खुणा लावल्या आणि आकडा वाचला. "दोनशे चौदा." लिफाफ्याच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने भागाकार केला. "एकशे एक्कावन्न. मुलीचा किती होता?"

"तोच," मी म्हणाले.

"मग हा एकशेसात कुठून आला, नेर्लेकर?"

सर पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा इतका थकलेला दिसला, की माझा राग पटकन खाली बसला. हा माझा गुरू होता. मीच पुढे झाले.

"सरांची चूक नाही, मॅडम. जुना प्रोग्रॅम आतच भागतो, आणि रजिस्टरमध्ये परत भागायची जुनी सूचना राहून गेली. कुणाच्या लक्षातच आलं नाही. मलाही शुक्रवारी कळलं."

मी त्यांना रजिस्टरचं पहिलं पान दाखवलं, प्रोग्रॅमची ओळ दाखवली. मॅडमनी दोन्ही नीट वाचलं आणि मान हलवली. "होतं असं. आमच्याकडे एकदा सहा महिने उलट्या केबलवर काम चाललं होतं." त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि लिहिता लिहिताच वाचून दाखवलं. "'आकड्यातील फरक अनवधानाने झालेला.' ठीक? आणि चाचणी करणार म्हणून हिचं नाव घाला. मुलाणींचं काढा."

मामांनी मोठा श्वास सोडला.

दारात मॅडम थांबल्या. "नेर्लेकर, तुमच्या प्रयोगाला आम्ही दोनशेच्या आत मागितलं होतं. एकशे एक्कावन्नला कोण नाही म्हणणार होतं? जेवून घेतो आणि गेस्ट हाऊसवरच अहवाल पुरा करतो. चारची गाडी आहे."

ते गेले. मामा कोबाल्ट ठेवायला आतल्या खोलीत गेले. मी व्होल्टेज उतरवायला लागले, हळूहळू, उतरवायचं असतं तसं.

"अर्ज घेऊन ये," मागून सर म्हणाले. "सही करतो. तू मला वाचवलंस मघाशी."

"तुमची चूक नव्हतीच, सर."

कदाचित ते तेवढ्यावर गप्प राहिले असते तर मी आज वेगळ्याच जागी असते. पण इतक्या वर्षांनी कुणाला तरी सांगायचं सुख त्यांना हवं होतं, असं मला आता वाटतं.

"पेपर छापून आला, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मला कळलं होतं," ते म्हणाले. "दोनदा भागलं जातंय ते. वाटलं, कुणीतरी पत्र लिहील, मग दुरुस्ती पाठवू. कुणी लिहिलंच नाही. मग भाषणाची बोलावणी आली, पुरस्कार आला. रजिस्टरचं ते पान मी मुद्दामच तसं राहू दिलं." आणि घाईने पुढे म्हणाले, "पण माझे प्रयोग तपासून बघ. अणुकेंद्रांच्या आयुर्मानाचे सगळे निकाल मी एकशे एक्कावन्न धरूनच काढलेत. एकही चूक नाही त्यात. तू कुठंही बघ."

माझा हात बटणावरच थांबला होता.

"म्हणजे कामाला खरा आकडा आणि दाखवायला खोटा."

"असं म्हणू नकोस."

"मग कसं म्हणू? तीन आठवडे माझ्या हातांना दोष देत होता तुम्ही. मी रात्रंदिवस केबल मोजत बसले. मामांना सही करायला लावलीत. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"उज्ज्वला, झालं ते झालं. मॅडमना पटलंय. स्फटिक येतील. तुझी मुदतवाढ होईल. कुणाचंच नुकसान नाही."

"छापलेल्या आकड्याचं काय?"

"त्याला आता कोण विचारतंय?"

"तुम्ही दुरुस्तीचं पत्र लिहा, सर. आज लिहा. मी टाइप करून देते."

"निवृत्त होताना?" ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "नाही. ते व्हायचं नाही."

मी उरलेलं व्होल्टेज उतरवलं, यंत्र बंद केलं. स्वेटरची बटणं काढली.

मुदतवाढ मला मिळाली नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच आशेवर राहायला नको. साडेतीन वर्षांचं काम तिथेच राहिलं. पुढे दुसऱ्या शहरात, दुसऱ्या मार्गदर्शकाकडे पहिल्यापासून सुरू केलं आणि चार वर्षांनी पुरं केलं. लोक मला कृतघ्न म्हणाले. ज्याने हात धरून शिकवलं त्याच्यावरच उलटली, म्हणाले. सर माझ्याशी परत कधी बोलले नाहीत. म्हणू देत. मला त्यांनी मोजायला शिकवलं होतं, गप्प बसायला नव्हे.

बाहेर पडताना मामा दारात भेटले.

"कुठं निघालीस एवढ्या उनाचं?"

"गेस्ट हाऊसला."

"जेवाय?"

"नाही. मघाशी माझ्याकडून एक चूक झाली, ती दुरुस्त करायला."

मामांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. सर अजून खुर्चीतच होते. मामांनी काय ओळखलं कुणास ठाऊक. "मी येतो संगट," म्हणाले आणि हातातलं फडकं दाराच्या कडीला अडकवलं.

गेस्ट हाऊस अर्ध्या मैलावर होतं. आम्ही उन्हातून चालत गेलो. जेवणघरात तिघे आमटी-भातावर बसले होते. मॅडमची वही ताटाशेजारी उघडी होती आणि पेन तिच्यावर आडवं ठेवलेलं होतं. मला पाहून त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"काय गं? काही राहिलं का?"

"मॅडम," मी म्हणाले, "ते 'अनवधानाने' खोडा."